पत्ता : मार्फत ५६ एपीओ

निजामाच्या काळात बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. आज लोक तिथे योगेश्वरीच्या दर्शनाला जातात, मुकुंदराजांच्या समाधीला जातात, नाहीतर वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जातात. एकोणिसाव्या शतकात मात्र हे गाव घोडदळाचं ठाणं होतं. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज म्हणायला निजामाची, पण तिच्यावर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहानंतर तिचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून निघू लागला. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद ही तिची ठाणी. घोडदळात शिलेदारी होती: घोडा आणि सरंजाम स्वाराचा, पगार सरकारचा. भरती मुख्यतः दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट यांची. ठाणं बदललं तरी ते निजामाच्या मुलखातच किंवा वऱ्हाडात असे, आणि बिऱ्हाड मागोमाग येई. कवायत आटोपली की बाप घरी परतायचा.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिचे रिसाले हिंदी लष्करात सामील केले. त्यांना नवे क्रमांक मिळाले: २० वं डेक्कन हॉर्स, २९ वं लान्सर्स, ३० वं लान्सर्स. सरकारी कागदावर हा साधा फेरबदल होता. स्वारांच्या घरात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. आता रिसाला निजामाच्या मुलखाला बांधलेला राहिला नाही; जिथे सरकारची लढाई तिथे त्याला जायचं होतं. पुढच्या ११ वर्षांत ती वेळ आलीच. १९१४ च्या अखेरीस डेक्कन हॉर्सचे स्वार फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. पुढे १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, सॉमच्या रणभूमीवर हाय वूड नावाच्या रानालगत, उभ्या पिकातून भाले रोखून त्यांनी चाल केली. मशीनगनच्या त्या युद्धात घोडदळाला अशी संधी क्वचितच मिळाली.

त्या संध्याकाळची हकिकत घरी कशी पोहोचली असेल? पोहोचली असेल तर फारच पुसट. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांचं टपाल वाचायला इंग्रजांनी एक स्वतंत्र कचेरी बसवली होती आणि हॉवेल नावाचा अधिकारी तिचा प्रमुख होता. १९१५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत हे शिपाई आठवड्याला १० ते २० हजार पत्रं धाडत होते. पत्रं उर्दूत, गुरुमुखीत, हिंदीत, काही मराठीतही. कचेरी त्यांतले उतारे भाषांतर करून वरिष्ठांना पाठवी. ठिकाणांची नावं, हानीचे आकडे, नैराश्याचा सूर यांवर तिची नजर असे. शिपायांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे अशी भाषा काढली. कुठली मिरची किती उरली यावरून घरच्यांनी समजून घ्यायचं. साहेबांनाही ती भाषा लवकरच कळली.

या पत्रांत बाप शोधायला गेलं तर आधी निराशा होते. पत्र असतं वडिलांच्या नावाने, थोरल्या भावाच्या नावाने. नमस्कार-चमत्कार, जनावरं, पाऊस, शेताचा तंटा, पैसे पोहोचले का याची चौकशी, आणि अगदी शेवटी, बाकीच्यांबरोबर, पोराचं नाव. एवढंच. पण यावरून त्याला माया नव्हती असं कोणी समजू नये. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या लेकराला उचलून घेणंसुद्धा तेव्हाच्या घरांत बरं दिसत नसे. मग दहाजणांत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात त्याचं कौतुक कोण करणार? शिवाय बहुतेक शिपाई निरक्षर. तिकडे रेजिमेंटमधला एखादा लिहिणारा, इकडे गावातला एखादा वाचणारा. बापाच्या तोंडून निघालेलं वाक्य लेकराच्या कानावर पडेपर्यंत दोन परक्या माणसांच्या आणि एका सेन्सॉरच्या हातून जायचं.

तरी एक गोष्ट या पत्रांतून पुन्हा पुन्हा येते आणि मला ती फार मोलाची वाटते. फ्रान्सच्या खेड्यात मुक्काम पडला, तिथल्या बायका हिशेब लिहिताना, वर्तमानपत्र वाचताना दिसल्या, आणि पुष्कळ शिपायांनी घरी लिहून कळवलं की पोरांना शाळेत घाला. काहींनी मुलींनाही शिकवा असं बजावलं. ज्या माणसाला स्वतःचं पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागत होतं, त्याने समुद्रापलीकडून लेकीच्या शाळेचा आग्रह धरला. त्या काळातलं बापपण यापेक्षा मोकळेपणाने क्वचितच बोललं असेल. दुसरा मार्ग छायाचित्राचा. गणवेशात, खुर्चीला हात टेकवून काढलेला फोटो पाकिटातून घरी जाई, आणि पाळण्यातल्या पोराची बापाशी ओळख त्या कागदावर होई.

बीड जिल्हा निजामाचा असल्याने टपालाचाही एक पेच होता. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं, स्वतःची तिकिटं होती; १८७१ च्या तिकिटावर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चारही लिप्यांत मजकूर आहे. शाळेत मात्र पुढे उर्दूचा अंमल वाढत गेला. संस्थानाचे लान्सर्स पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनला गेले. दिल्लीच्या तीनमूर्ती स्मारकातला एक पुतळा हैदराबादचा आहे, तो त्यांच्यासाठी. अशा शिपायाचं उर्दूतलं पत्र खेड्यात आलं की घरात मराठी बोलणारं कुटुंब ते वाचायला मुन्शी गाठायचं, नाहीतर उर्दू शाळेत जाणारं पोर. दुसऱ्या महायुद्धातही फार फरक पडला नाही. लष्कराची लिखापढीची भाषा तेव्हा रोमन लिपीतली उर्दू होती. डेक्कन हॉर्स आता रणगाड्यांवर बसून १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाला लढत होतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली आणि दोनच वर्षांत संस्थानाचं टपाल भारताच्या टपाल खात्यात विलीन झालं. बीडच्या मराठी शेतकऱ्याच्या पोराला आता बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, महार रेजिमेंट, तोफखाना अशी दारं सरळ उघडी झाली. लष्कराची भाषा देवनागरीतली हिंदी झाली. रेजिमेंटच्या शाळेत शिकलेला जवान आता स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लिपीत घरी पत्र लिहू शकत होता. १९५० मध्ये निळं आंतरदेशीय पत्र आलं. सीमेवरच्या जवानाला तर फोर्सेस लेटर फुकट मिळे, तिकीट लावायचं कारणच नाही.

मग आलं १९७२. मराठवाडा त्या वर्षाला दुष्काळाने ओळखतो. जमीन असून पोट भरत नाही हे पटल्यावर बीडच्या माणसाने घर सोडण्याचे दोन रस्ते धरले. एक ऊसतोडीचा: मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे निघायचं. दुसरा भरतीचा. त्याच वर्षी १ मार्चला लष्कराची टपाल सेवा हे स्वतंत्र दल झालं; त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीला आहे. आणि १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग केले आणि नववा आकडा लष्करी टपालासाठी राखून ठेवला. बीडचा पिन ४३११२२. जवानाचा पिन नऊने सुरू होणारा, आणि त्या नऊला नकाशावर जागा नाही.

बीडच्या खेड्यातल्या तिसरी-चौथीच्या पोराने लिहिलेला तो पत्ता डोळ्यांपुढे आणा. सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, त्याखाली युनिट, त्याखाली ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), नाहीतर पूर्वेकडे असेल तर ‘९९ एपीओ’. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. बाजूला पाठवणाराचा पत्ता मात्र सविस्तर: मुक्काम, पोस्ट, तालुका गेवराई, जिल्हा बीड. भूगोलाच्या पुस्तकात भारताचा नकाशा पुढ्यात असायचा आणि त्यात बाप कुठे आहे हे दाखवता यायचं नाही. पत्र दिल्लीच्या केंद्रीय तळ टपाल कार्यालयात जायचं, ९९ असेल तर कोलकात्याच्या. तिथल्या माणसांना कोणतं युनिट आज कुठे आहे याची गुप्त खबर असते. युनिट हललं की टपालाची पिशवीही हलते. गाझा, काँगो, पुढे १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंका, जिथे फौज गेली तिथे तिचं फील्ड पोस्ट ऑफिस गेलं. बाप चार ठिकाणी फिरला तरी घरच्या वहीतला पत्ता एकच राहिला. मला ही व्यवस्था देशाने उभारलेल्या उत्तम कामांपैकी एक वाटते. तिच्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलं नाही याची खंत वाटते.

गावात पत्र आलं की वाचायचं कोणी, हा प्रश्न अजून होताच. आजी-आजोबा निरक्षर, आई बहुधा निरक्षर किंवा जेमतेम अक्षरओळख. घरात शाळेत जाणारं एकच माणूस, ते म्हणजे पोर. फ्रान्सच्या पत्रांत ज्याचं नाव शेवटच्या ओळीत यायचं, ते लेकरू आता ओट्यावर बसून सगळं पत्र खड्या आवाजात वाचून दाखवू लागलं. बापालाही हे माहीत. त्यामुळे पत्राची घडण बदलली. तीर्थरूपांना दंडवत घालून झाला की पत्र हळूहळू वाचणाराकडे वळायचं. आज्जीला दवाखान्यात नेलं का, विहिरीला पाणी किती, सोसायटीचं कर्ज भरलं का, आणि तू कितवा आलास. पोर वाचता वाचता घरच्या सगळ्या व्यवहारात ओढलं जायचं. कर्ज किती, चुलत्याशी बांधाचं भांडण कुठवर आलं, आईला आजीचं काय सोसावं लागतं, हे वयाच्या दहाव्या वर्षी त्याला तोंडपाठ. कुठली ओळ मोठ्याने वाचायची नाही हेही त्याला कळू लागायचं.

उत्तरही त्यानेच लिहायचं. आई चुलीपुढे बसून सांगणार, आजोबा बाजेवरून सांगणार, मधेच शेजारीण स्वतःच्या नवऱ्याला निरोप सांगणार. लिहिता लिहिता पोर स्वतःचं दोन ओळींचं तळाशी घालणार. नवऱ्याला काय म्हणायचंय ते आई पोराला कसं सांगणार? बापालाही बायकोला लिहायचं ते पोराच्या डोळ्यांखालून जाणार म्हणून हात आखडता घ्यावा लागायचा. पत्राने बाप आणि लेकराला जवळ आणलं हे खरं, पण त्याची किंमत त्या दोघांमधल्या बाईने मोजली. चौथीच्या पुढे शाळा न बघितलेल्या कित्येक बायकांनी पुढे हट्टाने अक्षरं गिरवली त्यामागे हेही एक कारण होतं असं मी मानतो.

मनीऑर्डरची गोष्ट वेगळी. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी बोटभर जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, आईचा अंगठा घ्यायचा, त्याला साक्ष घ्यायचा आणि ती पट्टी फाडून हातात ठेवायचा. त्या पट्टीत काय लिहावं? ‘फी भरणे. वही घेणे. उरलेले आजीला देणे.’ अशा तुटक ओळी. पण ही ओळ बापाच्या पगाराबरोबर यायची, म्हणून तिला पत्रापेक्षा जास्त वजन. शाळेची फी आणि बाप एकाच दिवशी दारात यायचे. २०१५ मध्ये टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर बंद केली तेव्हा ही पट्टीही गेली.

ऊसतोडीला गेलेल्या घरांशी याची तुलना केल्याशिवाय बीडचं चित्र पुरं होत नाही. तिथेही पोरं आजी-आजोबांपाशी राहायची. आईसुद्धा जवळ नसायची, कारण ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पण त्या आई-बापाला ५६ एपीओ नव्हतं. आज या कारखान्याच्या फडात, उद्या दुसऱ्या. पाल उठलं की पत्ता संपला. जवानाच्या लेकराकडे निदान एक पत्ता होता, महिन्याची तारीख होती, वर्षाला दोन महिन्यांची रजा होती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय होतं, शिकायला शहरात सैनिकांच्या मुलांचं वसतिगृह होतं. दोन्ही बाप पोटासाठीच दूर गेले. एकाच्या मागे सरकार उभं होतं, दुसऱ्याच्या मागे मुकादमाचं कर्ज. एकाच गल्लीतल्या दोन घरांत हा फरक लेकरांना रोज दिसत होता.

रजेवर येणं हाही मोठा प्रवास. बीड शहराला रेल्वेसाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. तोवर जम्मूकडून येणारा जवान झेलम एक्सप्रेसने नगरला उतरायचा आणि काळी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर टाकून घाट चढायचा. परळीकडचे लोक परळी वैजनाथ स्टेशन धरायचे. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. ते अक्षर लेकराच्या ओळखीचं, कारण तोच पत्ता त्याने वर्षभर लिहिलेला. माणूस मात्र अनोळखी. धाकटं पोर आजीच्या लुगड्याआड लपायचं आणि चार-सहा दिवस जवळ जायचं नाही. जवळ येईपर्यंत निम्मी रजा संपलेली असायची. थोरल्याचं वेगळं: पत्रातून ज्याला सगळं सांगितलं त्याच्यापुढे बसल्यावर तोंडातून शब्द फुटायचा नाही.

रेडिओने थोडी भर घातली. विविध भारतीवर संध्याकाळी ‘जयमाला’ लागायची, फौजी भाइयांची फर्माइश. नावांची यादी वाचताना आपल्या माणसाचं नाव येतं का म्हणून घरं कान देऊन बसायची. तार आली तर मात्र घराचा धीर सुटायचा. तारेत चांगलं असू शकतं यावर कोणाचा विश्वास नव्हता, मग ती बदलीची का असेना. कारगिलपर्यंत बहुतेक वेळा रणभूमीवरच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी तार यायची, मागून सामान यायचं. १९९९ मध्ये पहिल्यांदा पार्थिव सर्रास गावात येऊ लागलं. ज्या लेकराने आजवर पत्र वाचलं होतं त्याला आता अग्नी द्यायला पुढे उभं केलं जाऊ लागलं. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून निघालेल्या अंत्ययात्रांनी बाप सीमेवर आहे म्हणजे काय हे शेजारच्या पोरांनाही दाखवलं.

कारगिलच्या वेळी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ तालुक्याच्या गावी सर्वत्र झाले होते. ठरलेल्या रविवारी आई पोरांना घेऊन बूथवर जाऊन बसायची. तिकडून फोन आला की रांगेतला माणूस ऐकत असायचा. तरीही आईने नवऱ्याशी मधे कुणी न येता बोलण्याची ती पहिली वेळ होती. पोराची मध्यस्थी तिथेच संपली. पुढे मोबाइल आला, आणि उंच ठाण्यांवर उपग्रह फोन. २०१७ च्या दिवाळीत सरकारने जवानांसाठी त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया केला. जानेवारी २०२५ मध्ये सियाचीनवर मोबाइलचं फोर-जी पोहोचलं. आज केजच्या किंवा आष्टीच्या पोराला बाप बर्फात उभा असलेला थेट दिसतो. बाप गृहपाठ बघतो, रागावतो, वाढदिवसाच्या केकपुढे फोन उभा करून ठेवला की टाळ्या वाजवतो. जो बाप आजोबांच्या देखत लेकराचं नाव घ्यायला संकोचत होता, त्याचा नातू आज फोनच्या काचेवर पापा घेतो. शंभर वर्षांत बीडच्या घरांत बापाच्या वागण्यात एवढा फरक पडला आहे आणि तो चांगला आहे.

बंधनं अजून आहेत. २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यांत फेसबुकही होतं. कुठे आहे हे बाप आजही सांगत नाही. आणि फोन रोज येत असला की न येण्याचा दिवस जड जातो. पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागायचे, त्यामुळे पंधरा दिवसांची शांतता कोणाला खटकत नव्हती. आता दोन दिवस नेटवर्क गेलं की आई टीव्हीवरच्या बातम्या बंद करते.

एक काम मात्र हातात घेण्यासारखं आहे आणि ते आताच करायला हवं. फ्रान्समधल्या शिपायांचे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत, कारण पाळत ठेवणाऱ्या सरकारने त्यांच्या नकला केल्या. १९६२ पासून १९९९ पर्यंत बीडच्या घरांत आलेली निळी पत्रं, फोर्सेस लेटर, मनीऑर्डरच्या पट्ट्या मात्र कुणीच जमा केलेल्या नाहीत. त्या माळ्यावरच्या पेट्यांत आहेत, काही वाळवीने खाल्ल्या, काही घर पाडताना गेल्या. अंबाजोगाई, बीड, परळीच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवलं आणि सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिकांना शब्द टाकला, तर एका हिवाळ्यात शेकडो पत्रांची छायाचित्रं गोळा होतील. मूळ पत्र घरातच राहू द्यावं. कोणी लिहिलं, कोणी वाचून दाखवलं, उत्तर कोणी लिहिलं, एवढं शेजारी नोंदवावं. पत्र वाचून दाखवणारी ती पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत; आपण कोणत्या ओळी गाळून वाचल्या हे फक्त त्यांनाच सांगता येईल.